कमी भाड्याची गिऱ्हाइकं घ्यावीत का? कोकणातल्या इस्टेट एजंटांचे नेहमीचे प्रश्न

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, सावंतवाडी अशा गावांत जागेच्या धंद्यात नव्याने उतरलेली मुलं भेटली की हेच विषय निघतात. भाड्याचे आणि दलालीचे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. तुमच्या आळीत ते थोडे वरखाली असतील. कायद्याचे आकडे मात्र जसे आहेत तसेच दिले आहेत.

चार-पाच हजार भाड्याच्या खोलीमागे धावणं परवडतं का?

त्या एका सौद्याची दलाली तेवढी धरली तर नाही परवडत. हिशेब मांडूनच बघा. पाच हजारांची खोली आहे. भाडेकरूकडून महिन्याचं भाडं मिळालं तर पाच हजार, मालकाकडून फार तर त्याच्या निम्मे. हातात साडेसात. त्यासाठी चाव्या गोळा करा, चार खोल्या दाखवा, मुंबईतल्या मालकाला फोन लावा, डिपॉझिटवरची घासाघीस ऐका, करार टाइप करा, दोन्हीकडचे अंगठे घ्या, पोलिसांकडे माहिती भरा. बिऱ्हाड आलं की दुसऱ्या दिवशी फोन येतो, "पंप चालू होत नाही हो." पंधरा हजारांच्या टू बीएचकेलाही एवढंच काम पडतं, पैसे मात्र तिप्पट.

पण पंधरा हजार देणारी गिऱ्हाइकं आपल्या गावात येतात तरी किती? मुंबई-पुण्याच्या एजंटाला 'तेवढीच घेतो' म्हणता येतं. कुडाळात तसं म्हणून बसलात तर ऑफिसात पेपर वाचत बसाल. शिक्षक, एसटीचे चालक-वाहक, नर्स, लोट्याच्या एमआयडीसीतले ऑपरेटर, दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकणारी पोरं, मोबाइलच्या दुकानातले सेल्समन: इथला भाड्याचा बाजार यांच्याच जिवावर चालतो. तेव्हा ही गिऱ्हाइकं घ्यायचीच. फक्त एकेका गिऱ्हाइकावर वेळ किती घालवायचा ते आधी ठरवून.

आजचा भाडेकरू उद्या आपल्याकडूनच फ्लॅट घेतो म्हणतात. खरं ना?

क्वचित. आमच्या धंद्यात ही समजूत फार जुनी आहे आणि तिच्यावर विसंबून बऱ्याच जणांनी आपलं पेट्रोल जाळलंय. बदलीवर आलेला शिक्षक घर बांधतो ते सांगली-कोल्हापूरकडे आपल्या गावी. कारखान्यातला मुलगा दोन वर्षांनी पुण्याला निघून जातो. दहातला एखादा इथे रमतो, पण तोवर त्याच्या बायकोच्या मावसभावाने एजन्सी उघडलेली असते.

खरी कमाई मालकाकडून होते. कोकणात निम्मी घरं कुलपात. मालक डोंबिवलीत किंवा विरारला, आईवडील गेलेले, घराला वाळवी लागतेय, कौलं सरकली की पावसाचं पाणी थेट माजघरात. हा माणूस घर विकायला तयार नसतो. 'विक्री' शब्द काढलात तर फोन ठेवून देईल. मात्र "दोन खोल्या भाड्याने देऊ, घरात दिवा लागेल, पावसाळ्याआधी कौलं मीच परतून घेईन" असं म्हटलंत की तो ऐकून घेतो. किल्ली तुमच्या हाती येते. वर्ष-दोन वर्षं भाडं वेळेवर त्याच्या खात्यात जमा झालं की मग तो आपणहून विचारतो, "ती रस्त्याकडची पाच गुंठे जागा आहे ना आमची, तिला काय भाव येईल?" त्या दिवशी गावातल्या दुसऱ्या एजंटाचं त्याला नावही आठवत नाही.

म्हणून कमी भाड्याचं काम स्वीकारताना मी भाडेकरू थोडा कमी बघतो आणि मालक जास्त. बंद घराचा मालक असेल तर चार हजारांची खोलीही घेतो. ज्याच्या चाळीत वीस खोल्या आहेत, दर महिन्याला एक रिकामी होते आणि 'दलाली कसली, पाटी लावली की माणसं येतात' असं जो म्हणतो, त्याच्या दारात उभा राहत नाही.

एका गिऱ्हाइकाला किती वेळ द्यायचा?

फोनवरच निम्मं काम उरका. माणसं किती, कामाला कुठे, कधीपासून हवी, गाडी आहे का, डिपॉझिट किती तयार आहे आणि आधार कार्डावरचं नाव बरोबर आहे का. शेवटचा प्रश्न विचित्र वाटेल, पण नोंदणीच्या वेळी तोच नडतो. "बघून सांगतो" एवढंच ज्याचं उत्तर असतं, त्याला खोलीचा व्हिडिओ पाठवायचा आणि मोकळं व्हायचं.

व्हिडिओत संडास-बाथरूम, पाण्याची टाकी, विजेचा मीटर आणि गाडी लावायची जागा आलीच पाहिजे. हॉलमधून कॅमेरा गरगर फिरवून काही उपयोग नाही. मे महिन्यात विहिरीला पाणी किती उरतं हे त्यातच तोंडाने सांगून टाका. ते लपवलंत तर भाडेकरू एप्रिलअखेर खोली सोडेल आणि तुम्ही पुन्हा त्याच खोलीच्या मागे.

प्रत्यक्ष दाखवायच्या असतील तर एकाच फेरीत, एकाच बाजूच्या दोन-तीन. नोकरदाराला संध्याकाळी बोलवा, म्हणजे रात्री रस्त्यावर दिवे आहेत का, कुत्री किती हे तो स्वतः बघतो आणि "उद्या मिसेसला घेऊन पुन्हा येतो" हा प्रकार टळतो. मिसेसला पहिल्याच फेरीला आणायला सांगा. ठरवणार तीच.

दलाली किती घ्यावी आणि कोणाकडून?

मोठ्या शहरात दोन्ही बाजूंकडून एकेक महिना ही रीत आहे. लहान गावात मालक हात आखडता घेतो. पंधरा दिवसांचं भाडं दिलं तरी उपकार केल्यासारखं. माझ्या मते आठ हजारांखालच्या खोलीला टक्केवारी आणि महिन्याचं गणित सोडून ठरावीक रक्कम सांगावी, करार-नोंदणीच्या खर्चासकट. "सगळं मिळून इतके, सरकारी शुल्काची पावती वेगळी दाखवतो" म्हटलं की घासाघीस होत नाही. रक्कम खोली दाखवायच्या आधी सांगा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा. किल्ली दिल्यावर दलालीची भाषा केलीत की समोरचा लगेच "आमचे काका नगरपालिकेत आहेत" वर येतो.

अकरा महिन्यांनी करार नव्याने करताना पुन्हा पूर्ण दलाली मागू नका. करार करून देण्याची फी घ्या. कमी भाड्याच्या धंद्यात नियमित येणारा पैसा असतो तो हाच. पन्नासेक चालू करार हाताशी असतील तर दर महिन्याला चार-पाच नूतनीकरणाला येतात आणि त्यासाठी एकही साइट दाखवावी लागत नाही. कोणाचा करार कधी संपतो ते वहीत लिहा, मोबाइलला गजर लावा आणि महिनाभर आधी फोन करा.

एवढ्याशा भाड्याला करार नोंदवायचा कशाला? पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी चालत नाही का?

नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरत्या राहण्याच्या परवानगीचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. भाडं चार हजार असो की चाळीस. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मालकाला यापेक्षा जास्त झोंबते ती दुसरी गोष्ट: करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, ते खोटं आहे हे मालकाने सिद्ध करेपर्यंत. हे एकदा समजावून सांगितलं की नोटरीचा हट्ट सुटतो.

खर्चाचाही बाऊ नको. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, सगळ्या मुदतीचं भाडं आणि परतीच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर. लहान भाड्याला ते काही शेकड्यांत आटपतं. नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० आणि शहरी भागात १,००० रुपये. हाताळणीचा खर्च आणि ऑनलाइन नोंदणी करून देणाऱ्याची फी वेगळी.

ऑनलाइन नोंदणीत मालकाचा अंगठा मुंबईत आणि भाडेकरूचा इथे घेता येतो, ही कोकणासाठी फार मोठी सोय. घोडं अडतं ते बोटांवर. काजूच्या कारखान्यात बी फोडणाऱ्या बायकांच्या बोटांची कातडी काजूच्या तेलाने सोललेली असते, चिऱ्याच्या खाणीत राबणाऱ्यांची रेषा झिजलेली. मशीन एकसारखं नाकारत राहतं. अशा वेळी दहाही बोटं लावून बघायची, हात कोमट पाण्याने धुऊन, पुसून, थोड्या वेळाने पुन्हा. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं तर बोटं जरा बरी असतात. तरीही जमलं नाही तर सरळ दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन नोंदणी करावी. हा जादा फेरा आधीच धरून फी सांगा. नंतर त्या बाईकडे दोनशे रुपये जास्त मागायला आपल्यालाच नको वाटतं.

मालक म्हणतो, "भाडेकरू ठेवला की कूळ लागेल." त्याला काय सांगायचं?

सिंधुदुर्गात तर हे पहिलंच वाक्य. "उद्या कूळ लागला तर मी खंय जातलंय?" यावर हसू नका. कूळ कायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी, कृषक दिनाला, कसणारी कुळं जमिनीची मालक ठरली आणि कित्येक घरांतून भाताच्या मळ्या गेल्या. त्यात कसणाऱ्याला न्याय मिळाला. पण ज्या घरांतून जमीन गेली त्यांच्या नातवंडांपर्यंत ती धास्ती उतरली आहे. त्यात भर बाजारपेठेतल्या जुन्या चाळींची: पन्नास-साठ रुपये भाड्यावर तिसरी पिढी राहतेय आणि मालक घरपट्टी भरतोय.

त्याला तीन गोष्टी शांतपणे सांगा. कूळ कायदा शेतजमिनीचा. घराच्या खोलीचा त्याच्याशी संबंध नाही. जुन्या चाळींतले भाडेकरू १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याच्या काळातले. आपण करतो ते लिव्ह अँड लायसन्स, त्यात राहण्याची परवानगी असते, भाडेकरूपणाचा हक्क नाही. आणि मुदत संपूनही माणूस हलला नाही तर १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागता येतो, जास्तीच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाईही.

एवढं सांगूनही तो लगेच हो म्हणणार नाही. घरात विचारतो, म्हणेल. विचारू द्या. मात्र घरासोबत आवार, आगर, माड-पोफळी भाडेकरूच्या ताब्यात देऊ नका आणि करारात तसा उल्लेखही येऊ देऊ नका. नारळ मालकाचे, पाडायला माणूस मालकाचा. इथे तुम्ही सैल राहिलात तर त्याची भीती खुळी म्हणता येणार नाही.

घर अजून आजोबांच्या नावावर आहे. करारावर सही कोणाची?

विजेचं बिल आजोबांच्या नावाने, घरपट्टीची पावती थोरल्या काकांच्या नावाने, सातबाऱ्यावर चौदा नावं, त्यातली पाच हयात नाहीत. हे इथलं रोजचंच. जो फोनवर बोलतो तोच मालक असं धरू नका. घरपट्टीवर ज्याचं नाव आहे त्याने किंवा त्याच्या कुलमुखत्याराने सही करावी, आणि बाकीच्या हिस्सेदारांची लेखी संमती घ्यावी. ती मिळत नसेल तर खोली सोडून द्या. चार हजारांच्या खोलीपायी दोन भावांच्या भांडणात साक्षीदार म्हणून कोर्टाची पायरी चढणं कोणत्याच हिशेबात बसत नाही. मे महिन्यात मुंबईहून आलेला दुसरा भाऊ भाडेकरूचं सामान अंगणात काढतो आणि पहिली शिवी एजंटाला पडते.

मालकाची अट: "गणपतीत आणि मे महिन्यात घर आम्हाला हवं." असं भाड्याने जातं का?

सबंध घर जात नाही. भाडेकरूने भाद्रपदात बिऱ्हाड उचलून कुठे न्यायचं? पण घराचा भाग जातो. जुन्या घराला पडवीकडून किंवा मागीलदारातून वेगळी वाट असते. त्या बाजूच्या दोन खोल्या, मोरी आणि नवा बांधलेला संडास भाडेकरूला. माजघर, देवाची खोली आणि पुढची ओटी मालकाकडे, कुलपात. मधल्या दाराला मालकाच्या बाजूने कडी. करारात खोल्यांची लांबी-रुंदी लिहा आणि साधा हाती काढलेला नकाशा जोडा. विजेला सब-मीटर बसवून घ्या, नाहीतर गणपतीतल्या रोषणाईचं बिल कोणी भरायचं यावरून वर्षाचे संबंध बिघडतात. पंप किती वाजता चालवायचा तेही लिहून टाका. चाकरमानी आले की घरात पंधरा माणसं होतात आणि टाकी तीच असते.

मालकाची ही सोय एकदा नीट लागली की तो वाडीतल्या आणखी दोन बंद घरांचे नंबर स्वतःच देतो.

खलाशी, बागेतले नेपाळी, बांधकामावरचे मजूर यांना खोल्या मिळवून द्याव्यात का?

द्याव्यात, पण एकेकट्याला नको. बोटीचा मालक, बागायतदार किंवा ठेकेदार हे तुमचं गिऱ्हाईक. करार त्याच्या नावाने, डिपॉझिट त्याचं, राहणाऱ्या माणसांची यादी आणि ओळखपत्रं जोडलेली. ज्याच्याकडे आधार नाही त्याचा स्वतःच्या नावाने ऑनलाइन करार करायला गेलात तर अडकणारच. राहणाऱ्यांची माहिती पोलिसांना कळवायला चुकू नका. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर भाडेकरूची माहिती भरता येते. स्टेशनात एकदा स्वतः जाऊन तोंडओळख करून घेतलीत तर पुढे बरं पडतं.

यांचा हंगाम ओळखा. मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, तेव्हा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराच्या आसपासच्या खलाशांच्या खोल्या रिकाम्या होतात आणि ऑगस्टला पुन्हा भरतात. मोहोर धरल्यापासून मेअखेरपर्यंत बागांना राखणीला माणसं लागतात. ठेकेदाराशी एकदा जमलं की एका फोनवर चार खोल्या जातात आणि कमी भाड्याचं गणित इथेच सगळ्यात चांगलं बसतं. भाडं दरडोई लावू नका, खोलीवर लावा आणि माणसांची कमाल संख्या लिहा. सहा म्हणून घेतलेल्या खोलीत अकरा झाले की संडासाची टाकी पावसाच्या आत भरते.

चिपळुणात पुराच्या पट्ट्यातली तळमजल्याची स्वस्त खोली दाखवावी का?

दाखवावी, पण पाणी कुठवर आलं होतं ते हात लावून दाखवून. २००५ चा आणि २२ जुलै २०२१ चा पूर गावात कोणी विसरलेलं नाही. बाहेरून आलेल्या भाडेकरूला मात्र माहीत नसतं. रंगाचा नवा हात असला तरी स्विचबोर्ड मुद्दाम उंच बसवलेले असतात, त्यावरून अंदाज येतो. वर माळा किंवा गच्चीची वाट आहे का ते बघा. स्वस्त म्हणून घेणारा घेतोच. पण वाशिष्ठीचं पाणी चढलं त्या रात्री त्याने पहिला फोन तुम्हाला "तुम्ही बोलला नाहीत" म्हणून करू नये.

नुसती भाड्याची कामं करायला रेराची नोंदणी लागते का?

रेरा म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या विक्रीवर नियंत्रण ठेवणारा कायदा. त्याच्या कलम ९ मधली एजंटाची नोंदणी ही नोंदणीकृत प्रकल्पात प्रवर्तक, म्हणजे बिल्डर, विकत असलेल्या सदनिका-भूखंडांच्या व्यवहारासाठी आहे. जुन्या घरातली खोली भाड्याने लावून द्यायला ती लागत नाही. पण वर म्हटल्याप्रमाणे भाड्याच्या ओळखीतून पुढे विक्रीची कामं येणार असतील आणि गावातल्या नव्या इमारतीतले फ्लॅट विकायचे असतील, तर नोंदणी हवीच. वैयक्तिक एजंटाला फी १०,००० रुपये, मुदत पाच वर्षं, शिवाय महारेराचं, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाचं, प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास व्हावी लागते. ती देऊन टाका. मुंबईच्या मालकाला कार्डावर महारेराचा नंबर दिसला की बोलण्याचा सूर बदलतो.

मालक म्हणतो, अमुक लोक नकोत. मग?

'मासे-मटण नको' ही अट समुद्राच्या काठावर राहून घालणारे मालक आहेत, त्यांचं घर, त्यांची मर्जी; शाकाहारी बिऱ्हाड मिळेपर्यंत थांबायची तयारी असेल तर थांबा म्हणायचं. जात-धर्म पाहून नकार देणाऱ्याची खोली मी यादीतच घेत नाही. ते मला पटत नाही हे झालंच, पण धंद्याच्या बाजूनेही बघा: चांगला पगार, चांगली ओळख, डिपॉझिट हातात असलेला माणूस दारापर्यंत न्यायचा आणि आडनाव ऐकून परत पाठवायचा. तो माणूस तुमचा नंबर पुन्हा कधी लावेल?

अटी काय त्या मालकाकडून पहिल्या फोनलाच काढून घ्या. एकटी मुलगी चालते का, बॅचलर चालतात का, कुत्रा चालतो का. कमी भाड्याच्या खोलीत सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो न सांगितलेल्या अटींपायी.

खोली आम्ही दाखवली आणि नंतर मालक-भाडेकरू परस्पर एक झाले. आता?

लहान गावात हे होणारच, आणि चौथ्या दिवशी तुम्हाला चहाच्या टपरीवर कळणारच. पाच हजारांसाठी भांडण काढू नका, वकिलाची नोटीस तर नकोच. भाडेकरूला एक साधा मेसेज करा: करार नोंदवून हवा असेल तर सांगा, फी इतकी. बरेचदा तो येतो, कारण परस्पर ठरवताना नोंदणी कोणी करायची हे दोघांनीही ठरवलेलं नसतं आणि ऑफिसात घरभाड्याची कागदपत्रं मागितलेली असतात. मालकाचा नंबर मात्र वहीतून खोडा.